हवाई: एकाच चुलीवर तयार झालेली बेटं आणि त्यांच्याभोवतीचं पाणी

सह्याद्रीत भटकताना कधी कधी पायाखाली कातळाचा असा तुकडा येतो, की कुणीतरी त्यावर सुंभाची वेटोळी शेजारी-शेजारी रचून ठेवलीत असं वाटावं. हात फिरवला की वळ्या बोटांना लागतात. दुधाचं पातेलं जरा कलंडलं की साय एका कडेला गोळा होऊन चुरगळते ना, तसंच इथे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालं. वाहत्या लाव्हावर थंड साय धरली, खालचा रस पुढे सरकत राहिला आणि सायीला वळ्या पडल्या.

बरोबर भूशास्त्र शिकलेला कुणी असेल तर तो सांगेल, हा 'पाहोएहोए' लाव्हा. शेजारी धारदार ढेकळांचा, अनवाणी पाय ठेवता येणार नाही असा थर असेल तर तो 'आआ'. हे दोन्ही शब्द हवाई बेटांवरच्या मूळ लोकांच्या भाषेतले आहेत. आपल्या डोंगरांचा लाव्हा वाहिला तेव्हा तो पाहायला माणूस जन्मालाच आला नव्हता. हवाईच्या लोकांनी मात्र तो अंगणापर्यंत येताना पाहिला, त्याच्या चाली ओळखल्या, त्यांना नावं दिली, आणि जगभरच्या अभ्यासकांनी ती नावं जशीच्या तशी उचलली. म्हणून आपला दगड समजून घ्यायचा असेल तर पॅसिफिकमधल्या या बेटांची एक फेरी मारायला हवी. मी ती आग्नेय टोकापासून वायव्येकडे मारणार आहे, कारण या बेटांचं वय त्याच दिशेने वाढत जातं, आणि वयाप्रमाणे त्यांच्याभोवतीचं पाणीही बदलतं.

नकाशात पॅसिफिकच्या जवळपास मधोमध बोट ठेवलं की हवाई सापडतं. सर्वांत जवळचा खंड उत्तर अमेरिका, तोही साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. मोठी बेटं आठ आहेत: हवाई, मौई, काहोओलावे, लानाई, मोलोकाई, ओआहू, काउआई आणि निइहाऊ. नावांचा थोडा गोंधळ होतो, कारण 'हवाई' हे सगळ्या रांगेचं, अमेरिकेच्या त्या राज्याचं आणि सर्वांत मोठ्या बेटाचंही नाव. इथे मी त्या एका बेटाला 'मोठं बेट' म्हणेन, तिथले लोकही तसंच म्हणतात. सगळ्या बेटांची मिळून जमीन सुमारे १६,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडी जास्त. त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या मोठ्या बेटाची. राजधानी होनोलुलू आणि बहुतेक लोकवस्ती मात्र ओआहूवर.

पण आठ बेटांपाशी रांग संपत नाही. काउआई-निइहाऊच्या पुढे वायव्येला सुळके, खडक आणि प्रवाळाची कंकणं दूर कुरे नावाच्या कंकणापर्यंत पसरली आहेत. मोठ्या बेटापासून कुरेपर्यंतचं अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. त्याच्याही पुढे पाण्याखाली बुडालेल्या डोंगरांची माळ आहे. ती धरली तर लांबी ६,००० किलोमीटरच्या आसपास जाते.

एवढी सरळ रांग समुद्राच्या मध्यावर आली कुठून? ज्वालामुखी बहुतेक करून भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या, कडांवर असतात, जिथे दोन पट्ट एकमेकांवर घासतात किंवा एकमेकांपासून दूर जातात. हवाई अशा कडेपासून हजारो किलोमीटर आत आहे. १९६३ मध्ये कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन टुझो विल्सन यांनी याचं उत्तर मांडलं. गॅसवर पापड भाजताना आच एका जागी असते आणि चिमट्यातला पापड आपण सरकवत राहतो. आच लागते तिथे फोड येतो, पापड पुढे गेला की शेजारी नवा फोड येतो, आणि आधीचा थंड होतो. हवाईखाली अशीच एक आच आहे. तिला तप्तबिंदू म्हणतात. तिच्यावरून पॅसिफिकचा भूपट्ट वायव्येकडे वर्षाला साधारण ७ ते १० सेंटिमीटर सरकतो. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाच्या आयुष्यात त्याचं बेट पाच-सात मीटर पुढे गेलेलं असतं, एका मोठ्या खोलीच्या लांबीइतकं. काउआई सुमारे ५० लाख वर्षांचं आहे आणि आजच्या आचेपासून साधारण ५०० किलोमीटर दूर. भागाकार करून पाहा, वर्षाला दहा सेंटिमीटर येतात. शाळेतल्या गणिताने डोंगराची चाल मोजता येते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पापडाचा दाखला एका जागी अपुरा पडतो. आच पूर्णपणे स्थिर नाही. जुन्या बुडालेल्या डोंगरांच्या दगडात कोरलं गेलेलं चुंबकत्व तपासल्यावर कळलं, की फार पूर्वी हा तप्तबिंदू स्वतःही दक्षिणेकडे सरकत होता.

आपल्या दख्खनचीही अशी एक आच होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट तिच्यावर होता तेव्हा सह्याद्रीचे थर ओतले गेले. मग भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे हिंदी महासागरात लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी माळ उमटली. पुढे मॉरिशस झालं, आणि आज ती आच रियुनियन बेटाखाली आहे, जिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. मॉरिशसमध्ये मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्यांच्या पायाखालचा काळा दगड आणि रायगडाचा काळा दगड एकाच चुलीवरचा आहे. हवाईची रांग कळली की ही माळही आपोआप कळते, फक्त महासागर बदलायचा.

आता फेरी सुरू करू. पहिलं बेट अजून बेट झालेलंच नाही. मोठ्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर कामाएहुआकानालोआ नावाचा ज्वालामुखी समुद्राच्या तळावरून वर चढतो आहे. पूर्वी त्याला लोइही म्हणत, २०२१ मध्ये त्याचं पारंपरिक नाव अधिकृत झालं. त्याचं शिखर अजून पाण्याखाली जवळजवळ हजार मीटरवर आहे. ते वर यायला हजारो वर्षं लागतील.

मोठं बेट पाच ज्वालामुखी एकमेकांना चिकटून झालं आहे. त्यातला मौना केआ समुद्रापासून ४,२०७ मीटर उंच. पण डोंगर समुद्रापासून कशाला मोजायचा? त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे, आणि तिथून मोजलं तर तो १०,००० मीटरच्या वर जातो, एव्हरेस्टच्या ८,८४९ मीटरपेक्षा जास्त. शेजारचा मौना लोआ उंचीला थोडा कमी, पण पसरट आणि अवाढव्य. तो १९८४ नंतर २०२२ मध्ये पुन्हा पेटला. या सगळ्या डोंगरांचं वजन इतकं आहे की त्यांच्याखालचा भूपट्ट वाकतो. बाजेवर जाड माणूस बसला की सुंभ खाली जाऊन आजूबाजूला झोळ पडतो, तसा समुद्रतळावर बेटाभोवती खोलगट चर पडला आहे. मोठं बेट दर वर्षी दोन-अडीच मिलिमीटरने खाली जातं. म्हणून हिलो बंदरात समुद्राची पातळी होनोलुलूपेक्षा वेगाने वाढताना दिसते. तिथे पाणी वर येतं आणि जमीनही खाली जाते. या बेटाच्या उतारावर हजार मीटरहून खोल पाण्यात जुन्या प्रवाळांचे सांगाडे सापडतात. हे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातच वाढतात. म्हणजे एकेकाळी तिथे किनारा होता.

ओआहूवर याच्या उलट पाहायला मिळतं. मोठ्या बेटाच्या वजनाने भूपट्ट खाली वाकला, तशी दूरवर त्याची कड किंचित वर उचलली गेली, आणि ओआहू त्या उचललेल्या भागावर आलं. तिथे एवाच्या मैदानात जुनी प्रवाळभित्ती चुनखडी होऊन कोरड्या जमिनीवर पडली आहे. अंगणातली विहीर खणताना खाली समुद्रातले प्रवाळ लागावेत, अशी ती जागा.

लाव्हा आणि समुद्र जिथे भिडतात तो किनारा मला सर्वांत जास्त गुंतवतो. किलाउएआ ज्वालामुखी १९८३ पासून २०१८ पर्यंत जवळजवळ सतत वाहत होता. २०१८ च्या मे महिन्यात पूर्वेकडच्या पुना भागात जमिनीला भेगा पडल्या, लाव्हाने सुमारे ७०० घरं गिळली, आणि जूनच्या सुरुवातीला तो कापोहोच्या उपसागरात उतरला. बाराशे अंशांच्या आसपास तापलेला रस थंड पाण्यात पडतो तेव्हा तो फुटतो. त्याचे काचेसारखे काळे कण होतात, आणि लाटा ते किनाऱ्यावर आणून टाकतात. काळ्या वाळूचे किनारे असे होतात. वर पांढरे ढग उठतात, पण ती साधी वाफ नसते. समुद्राचं मीठ आणि लाव्हाची उष्णता यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, त्यात बारीक काच मिसळलेली असते. श्वासात गेली की फुप्फुसं जळतात. आणि लाव्हाने पुढे ढकललेली नवी जमीन आत पोकळ असते. खाली फुटक्या काचेचा आणि दगडांचा ढीग, वर पातळ कवच. ती न सांगता समुद्रात कोसळते. म्हणून तिथले लोक नव्या जमिनीच्या कडेवर जात नाहीत. कापोहोचा उपसागर आणि त्यातली भरतीच्या पाण्याची प्रवाळांनी भरलेली सुंदर डबकी पूर्ण बुजली. बेटाला सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर नवी जमीन मिळाली.

त्याच वेळी समुद्रात एक अनपेक्षित गोष्ट घडली. हवाईभोवतीचं पाणी निळंशार असतं, कारण ते उपाशी असतं. वरच्या थरात नायट्रेटसारखी पोषणद्रव्यं फार कमी, त्यामुळे सूक्ष्म शेवाळ कमी आणि पाणी स्वच्छ. पोषण खाली अंधारात असतं. २०१८ मध्ये लाव्हा उतारावरून खोल पाण्यापर्यंत गेला, त्याने तिथलं पाणी तापवलं, ते हलकं होऊन वर आलं आणि आपल्याबरोबर पोषण घेऊन आलं. उपग्रहांना किनाऱ्यापासून दूरवर हिरवा डाग दिसला. लाव्हा थांबला तसा तो विरला.

वाऱ्याचंही इथे मोठं काम आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षातले बहुतेक दिवस वाहतात. ते ओलावा घेऊन डोंगराच्या ईशान्य उतारावर चढतात, थंड होतात, पाऊस पडतो, आणि पलीकडे कोरडे उतरतात. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. हवाईत तीच गोष्ट एका बेटावर, मोटारीने दोन तासांच्या अंतरात दिसते. मोठ्या बेटाच्या पूर्वेला हिलोत वर्षाला सुमारे ३,२०० मिलिमीटर पाऊस, आणि पश्चिमेला कावाइहाएकडे त्याचा जेमतेम बारावा हिस्सा. काउआईवरचं वाइआलेआले हे १,५६९ मीटरचं शिखर वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलतं.

पण मग त्याच्या अडीचपट उंच असलेलं मौना केआचं शिखर कोरडं का? कारण इथल्या हवेत साधारण दोन ते अडीच हजार मीटरवर उबदार हवेचं झाकण असतं. ओली हवा त्याच्या वर जाऊ शकत नाही, तिथेच पसरते. वाइआलेआले झाकणाच्या खाली आहे, म्हणून सगळे ढग त्याच्याच माथ्यावर रिकामे होतात. मौना केआ झाकण फोडून वर गेलेला आहे, म्हणून तिथे हवा कोरडी, आकाश निरभ्र, आणि जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी. त्या डोंगराला पवित्र मानणारे हवाईचे लोक या दुर्बिणींच्या वाढत्या पसाऱ्याला विरोध करत आले आहेत. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. शेजारच्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. हवामानबदलाची जी प्रसिद्ध चढती रेघ सगळीकडे दाखवतात, ती तिथली.

पडलेला पाऊस जातो कुठे? तरुण बेटांवर नद्या फारशा नाहीत. भोकाभोकांचा, भेगाळलेला लाव्हा पाणी गाळणीसारखा आत घेतो. आत समुद्राचं खारं पाणीही शिरलेलं असतं. गोडं पाणी थोडं हलकं, म्हणून ते खाऱ्यावर भिंगाच्या आकारात तरंगतं. समुद्राच्या पातळीच्या वर त्याची उंची एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. याच हिशेबाने उलटं पाहिलं तर विहिरीतून उपसा करून पातळी एक मीटर खाली गेली की खारं पाणी चाळीस मीटर वर चढतं. कोकणात किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ का होतात, ते यावरून लक्षात येईल.

हे गोडं पाणी शेवटी किनाऱ्याच्या खाली, समुद्रातच झऱ्यांनी बाहेर पडतं. मोठ्या बेटाच्या पश्चिमेला कोना नावाचा भाग आहे, त्याच्या किनाऱ्यावर पोहताना अचानक थंड पट्टा लागतो आणि डोळ्यांसमोरचं पाणी तेल ओतल्यासारखं थरथरताना दिसतं. गोडं आणि खारं मिसळतानाची ती थरथर. जुन्या हवाईयन लोकांनी अशाच जागी दगडी बांध घालून मत्स्यतळी केली, त्यांना 'लोको इआ' म्हणतात. बांधाला लाकडी जाळीचं दार असतं. बारीक मासे आत येतात, शेवाळ खाऊन जाडे होतात, मग त्यांना जाळीतून बाहेर जाता येत नाही.

या तळ्यांचा संबंध वरच्या डोंगराशी होता. जमिनीची वाटणी पाचरीच्या आकारात असे, शिखरापासून ते प्रवाळभित्तीपर्यंत. त्या एका पट्ट्याला 'आहुपुआआ' म्हणत. वर जंगल, मधे ओढ्याच्या वाहत्या पाण्यावरची शेतं, खाली तळी आणि समुद्र. वरच्याने पाणी तोडलं तर खालच्याचे मासे जातात, हे त्या रचनेतच होतं. शेतात पीक कोणतं? आपलं अळू. तिथे त्याला 'कालो' म्हणतात, आणि पानांपेक्षा कंद जास्त खातात, वाफवून कुटून त्याचा 'पोई' करतात. साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या बेटांवरून होड्यांत आलेल्या पॉलिनेशियन लोकांनी ते बरोबर आणलं. त्यांच्या कथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांसाठी पाट काढून पावसाळी बाजूचं पाणी कोरड्या बाजूला वळवलं गेलं, आणि कित्येक खाचरं सुकली. त्या पाण्याचे तंटे आजही चालू आहेत. दिशा सांगायची आजची पद्धतही याच जमिनीतून आली आहे. तिथे पूर्व-पश्चिम कमी ऐकू येतं, 'माउका' म्हणजे डोंगराकडे आणि 'माकाई' म्हणजे समुद्राकडे. मालवणातल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही.

वारा दोन डोंगरांच्या फटीत शिरला की जोर धरतो. मोठं बेट आणि मौई यांच्यामधली अलेनुइहाहा सामुद्रधुनी सुमारे ४८ किलोमीटर रुंद आणि जवळपास दोन हजार मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंना मौना केआ आणि हालेआकाला हे उंच डोंगर, त्यामुळे तिथला समुद्र भल्याभल्यांना घाबरवतो. त्याच वेळी डोंगराच्या आडोशाला, कोनाच्या किनाऱ्यावर, पाणी आरशासारखं. वेगवान आणि शांत वाऱ्याच्या सीमेवर समुद्रात मोठाले भोवरे तयार होतात, काहींचा व्यास शंभर किलोमीटरच्या पुढे. त्यातल्या काहींच्या मध्यातून थंड, पोषक पाणी वर येतं आणि त्याच्यामागे मासे येतात. कोनाला मोठ्या माशांची मासेमारी चालते त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे खोल पाणी अगदी दाराशी आहे. केआहोले टोकापाशी पाइप टाकून ९०० मीटर खोलीवरचं, चार-सहा अंशांचं पाणी किनाऱ्यावर ओढतात.

या खोलीचा लाटांशीही संबंध आहे. मुंबईसमोर समुद्रतळ फार हळू उतरतो. मुंबई हायचे तेलाचे मंच किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहेत, आणि तिथेही पाणी ८० मीटरच्या आसपासच. लाट दूरवरून येताना तळाशी घासून दमते. हवाईला असा उथळ ओटा जवळजवळ नाही. हिवाळ्यात अलास्काकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर येतात आणि ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर सगळा जोर घेऊनच आदळतात, कधी दहा मीटरहून उंच. उन्हाळ्यात तोच किनारा तळ्यासारखा शांत, आणि दक्षिण किनाऱ्यावर दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांच्या लाटा येतात. एकाच बेटावर कुठल्या महिन्यात कुठल्या बाजूला पोहायचं, हे तिथल्या मुलांना पाठ असतं.

त्सुनामी ही वेगळी गोष्ट. १ एप्रिल १९४६ ला अल्युशियन बेटांजवळ भूकंप झाला आणि काही तासांत हवाईत १५९ माणसं गेली, त्यातली बरीचशी हिलोत. त्या दिवशी इशारा द्यायला कुणीच नव्हतं. म्हणून १९४९ मध्ये ओआहूवर पॅसिफिकसाठी इशारा केंद्र सुरू झालं. १९६० मध्ये चिलीच्या भूकंपानंतर भोंगे वाजले, तरी कित्येक जण घरीच थांबले, आणि हिलोत ६१ माणसं गेली. आता हिलोच्या सखल किनाऱ्यावर घरं नाहीत, हिरवळ आणि बागा आहेत.

मौईजवळ समुद्र अचानक उथळ होतो. मौई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे ही एकेकाळी एकच मोठं बेट होतं, अभ्यासक त्याला 'मौई नुई' म्हणतात. ते आजच्या मोठ्या बेटापेक्षाही मोठं होतं. ते खचलं, दऱ्यांत पाणी शिरलं, चार तुकडे झाले. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा काही तुकडे पुन्हा जोडले गेले. त्या बुडालेल्या दऱ्यांमधलं उबदार पाणी डिसेंबर ते एप्रिल हजारो हंपबॅक देवमाशांचं बाळंतघर असतं. माद्या अलास्काकडून येतात, पिल्लं घालतात आणि सगळा मुक्काम उपाशी काढतात, कारण या निळ्या पाण्यात त्यांच्या खाण्याचं काहीच नाही. काहोओलावे हालेआकालाच्या पर्जन्यछायेत कोरडं पडलेलं. १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकेच्या नौदलाने तिथे बॉम्बफेकीचा सराव केला. एका बेटाशी असं वागणं मला आजही सहन होत नाही.

काउआईच्या पुढे बेटं म्हातारी होत जातात. आचेपासून दूर गेलेला भूपट्ट थंड होतो, जड होतो, खाली बसतो. वरून पाऊस आणि लाटा झिजवतात. पण किनाऱ्याभोवती प्रवाळ वाढत असतात, आणि डोंगर जितका खाली जातो तितके ते वर चढतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो, प्रवाळाचं कडं तेवढं राहतं. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये हे नुसत्या निरीक्षणावरून मांडलं होतं. १९६५ मध्ये याच रांगेतल्या मिडवे या कंकणावर भोक पाडून पाहिलं, तेव्हा शंभर मीटरहून जास्त चुनखडीखाली खरोखर बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, लागला.

पुहाहोनू इथे समुद्रातून दोनच सुळके वर दिसतात, पण २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्यांच्याखालचा ज्वालामुखी आकारमानाने पृथ्वीवरचा सर्वांत मोठा ढाल-ज्वालामुखी (ढालीसारखा पसरट) आहे. लालो नावाच्या कंकणावर हवाईच्या हिरव्या कासवांपैकी दहातली नऊ अंडी घालायला येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये वालाका चक्रीवादळाने तिथली वाळूची एक मोठी पुळण एका रात्रीत जवळजवळ पुसून टाकली. कासवं पुढच्या हंगामात आली, उरलेल्या वाळूत जागा शोधत. मिडवेवर लेसन अल्बट्रॉसची जगातली सर्वांत मोठी वस्ती आहे. १९५६ मध्ये पायात कडी घातलेल्या 'विस्डम' नावाच्या मादीने २०२४ मध्येही अंडं घातलं. त्याच किनाऱ्यावर पक्ष्यांच्या पोटातून प्लास्टिकची बुचं निघतात, कारण उत्तर पॅसिफिकचे प्रवाह गोल फिरून कचरा याच पाण्यात आणतात. हा सगळा पट्टा २००६ पासून पापाहानाउमोकुआकेआ नावाने संरक्षित आहे. २०१६ मध्ये तो वाढवून सुमारे १५ लाख चौरस किलोमीटर केला गेला.

कुरे हे जगातलं सर्वांत उत्तरेकडचं प्रवाळ कंकण. तिथलं पाणी प्रवाळांना थंड पडू लागतं. त्यांची वाढ आणि बेटाचं खचणं यांचं गणित तिथे कसंबसं जुळतं. अभ्यासक त्या रेषेला 'डार्विन बिंदू' म्हणतात. त्या रेषेपलीकडे प्रवाळ हरतात आणि बेट पाण्याखाली जातं. पुढे सगळे सपाट माथ्याचे बुडालेले डोंगर. मग सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या जागी रांग एकदम उत्तरेकडे वळते, आणि जपानच्या सम्राटांची नावं दिलेले डोंगर लागतात. सर्वांत शेवटचा मेइजी, आठ कोटींहून जास्त वर्षांचा. तो रशियाच्या कामचात्काजवळच्या खोल खंदकाच्या तोंडाशी उभा आहे, आणि भूपट्ट त्याला दर वर्षी काही सेंटिमीटर आत नेतो आहे.